गिअरबॉक्स उघडण्यापूर्वी...

गाडीचा गिअर अडखळू लागला, की ‘गिअरबॉक्स उतरवावा लागेल’ हे गॅरेजमधले वाक्य वाहनमालकाच्या पोटात गोळा आणते. मात्र दोष प्रत्येक वेळी गिअरबॉक्समध्येच असतो, असे नाही. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज वाढूनही वेग वाढत नसेल, तर क्लचप्लेट झिजलेली असू शकते. गिअर जड पडत असेल, तर क्लचची केबलही तपासावी लागते. एएमटी गाड्यांत मूळ गिअरबॉक्स मॅन्युअल गाडीसारखाच असतो. बिघाड गिअर बदलणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरमध्येही असू शकतो.

म्हणूनच निदानाची घाई न करणे, ही विश्वासू गॅरेजची पहिली खूण होय. असा मेकॅनिक आधी स्वतः गाडी चालवून पाहतो, ऑइल तपासतो, ऑटोमॅटिक गाडीला स्कॅनर लावतो आणि मगच खर्च सांगतो. सुटे भाग व मजुरी वेगवेगळी दाखवणारा हा अंदाज लेखी घ्यावा. गिअरबॉक्स उघडल्यावर आणखी काम निघाल्यास आधी विचारावे, ही अटही त्यावरच लिहून घ्यावी. बदललेले जुने भाग आवर्जून परत मागावेत.

बिलाशिवाय काम केल्यास चार पैसे वाचतात खरे. पण पुरावाही हातचा जातो. सदोष सेवेबद्दल ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तेथे तक्रार मांडतानाही पक्के बिल व वॉरंटीचा कागदच उपयोगी पडतो.