नोंद ‘होणार’ आणि नोंद ‘झाली’ : वेब-फॉर्ममधील दोन घटनांचा विचार

संगणकावरील फॉर्म भरून नवी नोंद डेटाबेसमध्ये दाखल करणे ही क्रिया फॉर्म भरणाऱ्याच्या दृष्टीने एका क्षणाची असते. बटण दाबले की नोंद गेली, अशी त्याची समजूत असते. आज्ञावली रचणाऱ्याला मात्र याच क्षणाचे तीन भाग पाडावे लागतात : नोंद करावयाचे ठरले आहे, पण ती अद्याप झालेली नाही, हा पहिला, डेटाबेसने ती स्वीकारण्याचा वा नाकारण्याचा, हा दुसरा, आणि काय निष्पन्न झाले ते फॉर्मला कळण्याचा, हा तिसरा. पहिल्या आणि तिसऱ्या भागांत आज्ञावलीला हस्तक्षेपाची संधी दिलेली असते. अशा संधीला ‘इव्हेंट’ म्हणजे घटना असे म्हणतात. या दोन घटनांना दिलेली नावे त्यांचे कार्य कितपत यथार्थपणे सांगतात आणि नावावर विसंबल्याने काय हानी होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. बोलींचे शब्दसंग्रह आता पत्रिकांऐवजी फॉर्ममधून भरले जात असल्यामुळे हा विचार भाषाभ्यासकाला परका राहिलेला नाही.

१. नावांचा संकेत

उदाहरणादाखल एएसपी डॉट नेट या प्रणालीतील ‘फॉर्म-व्ह्यू’ हा कंट्रोल घेऊ. २००५ साली या प्रणालीच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर तो आला. २०१६ साली निघालेल्या नव्या ‘कोअर’ शाखेत वेब-फॉर्म्सचा समावेश केला गेला नाही. तथापि जुन्या शाखेवर उभारलेली कामे अद्याप चालू आहेत. या कंट्रोलच्या दोन घटनांची नावे ‘आयटेम-इन्सर्टिंग’ आणि ‘आयटेम-इन्सर्टेड’ अशी आहेत. पूर्वीच्या घटनेला वर्तमानकालवाचक रूप व नंतरच्या घटनेला भूतकालवाचक रूप द्यावे, ‘बिफोर’ आणि ‘आफ्टर’ ही उपपदे वापरू नयेत, असा डॉट नेटचा नामकरणसंकेतच आहे. ‘डेल्फी’ व ‘मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस’ यांनी नेमकी हीच उपपदे पत्करली. पण शब्द बदलल्याने संदिग्धता नाहीशी होते असे नाही. ॲक्सेसमधील ‘बिफोर-इन्सर्ट’ ही घटना नव्या नोंदीत पहिले अक्षर टंकित होताच घडते. म्हणजे तेथे ‘आधी’ याचा अर्थ सर्व मजकूर भरण्याच्याही आधी असा होतो. फॉर्म-व्ह्यूमध्ये पहिली घटना बटण दाबल्यानंतर, मजकूर भरून झाल्यावर घडते. क्रियेचा आरंभ कोठे मानावयाचा, याविषयी दोहोंची कल्पनाच भिन्न आहे.

काळाचे रूप आणि प्रत्यक्ष काळ यांची फारकत मराठी भाषकाला नवी नाही. हाक मारताच घरातून ‘आलोच!’ असे उत्तर येते, तेव्हा रूप भूतकाळाचे असते आणि माणूस अजून आत असतो. निघणारा पाहुणा ‘येतो’ म्हणतो, तेव्हा तो जात असतो. अशा प्रयोगांत श्रोता प्रसंगावरून अर्थ लावतो. आज्ञावलीला प्रसंग कळत नाही. तेथे तो भार रचणाऱ्यावर पडतो.

२. पहिली घटना : ‘होणार’

‘इन्सर्टिंग’ या रूपाचे सरळ भाषांतर ‘नोंद होत आहे’ असे होईल. वस्तुतः या क्षणी डेटाबेसकडे काहीच गेलेले नसते. येथे मराठीतील ‘-णार’ हे रूप अधिक चपखल बसते : नोंद होणार आहे. ‘-णार’मध्ये संकल्प असतो, सिद्धी नसते, आणि संकल्प मोडता येतो. या घटनेबरोबर येणाऱ्या माहितीत ‘कॅन्सल’ नावाचा गुण असतो. त्याला ‘सत्य’ हे मूल्य दिले की पुढील क्रिया थांबते, दुसरी घटना घडतच नाही, आणि फॉर्म नोंद भरण्याच्याच अवस्थेत राहतो.

याच माहितीत ‘व्हॅल्यूज’ नावाची यादी असते. फॉर्मच्या कोणत्या रकान्यात काय भरले आहे, ते तीत असते. ती येथे बदलली तर बदललेला मजकूरच डेटाबेसकडे जातो. म्हणून लेखनाचे प्रमाणीकरण करण्याचे हे योग्य स्थान होय. मराठीच्या बाबतीत ते किती नाजूक आहे, हे एका उदाहरणावरून दिसेल. ‘दऱ्या’ या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो : ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णाला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे ‘झिरो विड्थ जॉइनर’ हे अदृश्य चिन्ह जोडून. पडद्यावर दोन्ही रूपे सारखी दिसतात; संगणकाच्या लेखी ती भिन्न वर्णमालिका आहेत. युनिकोडचे नेहमीचे प्रमाणीकरण ‘र’ व नुक्ता यांच्या जोडीचे ‘ऱ’मध्ये रूपांतर करते, परंतु वरील दोन रूपांना ते एक करीत नाही. ते काम पहिल्या घटनेला जोडलेल्या आदेशांनीच करावे लागते.

येथे सोपा वाटणारा उपाय घातक ठरतो. अदृश्य चिन्हे निरुपयोगी समजून सरसकट काढून टाकली, तर दुसऱ्या प्रकारे लिहिलेल्या ‘दऱ्या’तून जोडचिन्ह जाते आणि उरतो तो ‘दर्या’. डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो. दोन्ही शब्द खरे असल्यामुळे कोणतीही शुद्धलेखन-तपासणी ही चूक दाखवीत नाही. ‘ॲ’ या अक्षराचेही असेच आहे. त्याला स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले. ‘अ’वर चंद्र देऊन केलेले तसेच दिसणारे रूप प्रमाणीकरणानंतरही वेगळेच राहते. तात्पर्य, बदल करावयाचा तो वर्ण ओळखून करावा, गाळून नव्हे.

आणखी एक मोह या घटनेच्या संदर्भात टाळावयास हवा. हा शब्द संग्रहात आधीच आहे काय, हे येथे पाहून नसल्यास पुढे जाऊ द्यावे, असे सहज सुचते. परंतु दोन व्यक्ती एकाच वेळी एकच शब्द भरीत असतील, तर दोघींच्याही तपासणीत तो ‘नाही’ असेच उत्तर येईल आणि दोन्ही नोंदी आत जातील. ‘होणार’ आणि ‘झाली’ यांमधील हे अंतर फॉर्मला बुजविता येत नाही. शब्दाची अनन्यता राखण्याचे बंधन डेटाबेसमध्येच घातले पाहिजे. फॉर्ममधील तपासणी ही केवळ सौजन्याची पूर्वसूचना होय.

३. दुसरी घटना : ‘झाली’ की ‘संपली’?

‘इन्सर्टेड’ या नावाने होणारी दिशाभूल अधिक गंभीर आहे. नोंद दाखल झाली, असा त्याचा अर्थ कोणीही घेईल. प्रत्यक्षात डेटाबेसने नोंद नाकारली तरीही ही घटना घडते. ती नोंद झाल्याचे सांगत नाही. नोंद करण्याचा प्रयत्न संपला, एवढेच सांगते. प्रयत्न सफल झाला की नाही, हे सोबतच्या माहितीतून वाचून घ्यावे लागते. ‘एक्सेप्शन’ या गुणात झालेल्या चुकीचे वर्णन असते. तो रिकामा असेल तर चूक झालेली नाही. ‘अफेक्टेड-रोज’ हा गुण किती ओळींवर परिणाम झाला ते सांगतो. मात्र ओळी मोजण्याची क्रिया डेटाबेसमधील आदेशानेच बंद ठेवली असेल, तर येथे उणे १ ही संख्या येते; तिला अपयश समजू नये.

चूक आढळल्यास दोन गोष्टी स्वतंत्रपणे कराव्या लागतात. ‘एक्सेप्शन-हँडल्ड’ला सत्य ठरविले की प्रणाली ती चूक निस्तरलेली मानते आणि पुढे काही बोलत नाही. तेवढेच करून थांबले, तर फॉर्म आपल्या मूळ अवस्थेत परततो आणि भरलेला मजकूर नाहीसा होतो. म्हणून त्याबरोबरच ‘कीप-इन-इन्सर्ट-मोड’ हाही गुण सत्य करून मजकूर राखला पाहिजे व भरणाऱ्याला कारण कळविले पाहिजे. पहिले करून दुसरे विसरणे म्हणजे चूक गिळून टाकणे. नोंद झाली नाही, मजकूरही उरला नाही, आणि भरणारा पुढच्या शब्दाकडे वळला, अशी ही स्थिती असते. वयोवृद्ध निवेदकाकडून मिळालेला शब्द अशा रीतीने हरवला, तर तो पुन्हा विचारण्याची संधी मिळेलच असे नाही.

नोंद खरोखर झाली असेल, तर याच घटनेत वाचकाला नव्या पानाकडे पाठवावे. तसे न केल्यास पान पुन्हा उघडण्याचा प्रयत्न होताच तीच नोंद दुसऱ्यांदा पाठविली जाण्याचा संभव राहतो. शब्दांची वारंवारिता मोजणाऱ्या संग्रहात अशी दुबार नोंद निष्कर्षच बिघडविते.

४. आतील जोडी

या दोन घटनांच्या पोटात आणखी एक जोडी असते. ‘एसक्यूएल-डेटा-सोर्स’ वापरल्यास क्रम असा लागतो : फॉर्मचे ‘होणार’, डेटा-सोर्सचे ‘होणार’, प्रत्यक्ष आदेश, डेटा-सोर्सचे ‘संपले’, फॉर्मचे ‘संपले’. नव्या नोंदीला डेटाबेसने दिलेला क्रमांक हवा असेल, तर तो आदेशातून बाहेर पडणाऱ्या पॅरामीटरद्वारे आतल्या ‘संपले’मध्ये वाचता येतो. हा क्रमांक मागताना एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘स्कोप-आयडेंटिटी’ वापरावी. तिच्याऐवजी ‘ॲट-ॲट-आयडेंटिटी’ वापरली आणि मूळ तक्त्यावर इतिहास नोंदविणारा ट्रिगर बसविलेला असला, तर त्या इतिहासतक्त्याचा क्रमांक हाती येण्याचा संभव असतो. मग शब्दाच्या उच्चाराचे ध्वनिमुद्रण भलत्याच नोंदीला चिकटते.

सारांश, या दोन नावांतील काळवाचक रूपे विधाने म्हणून वाचू नयेत. पहिली घटना मोडता येण्याजोगा संकल्प आहे. दुरुस्ती आणि नकार यांचे स्थान ती होय. दुसरी घटना प्रयत्नाच्या समाप्तीची वार्ता आहे. पडताळणीचे स्थान ती होय. नोंद झाली, असे म्हणण्याचा अधिकार अखेर डेटाबेसचा आहे आणि त्याचे उत्तर वाचल्याखेरीज फॉर्मने ते म्हणू नये.