चिमूटभर रसायन, जगभराचा बाजार

मुंबईच्या मशीद बंदर परिसरात, वडगादीच्या अरुंद गल्ल्यांतून रसायनांच्या गोण्या लादलेल्या हातगाड्या दिवसभर फिरत असतात. पंचवीस किलोंच्या त्या गोण्यांतील काही पांढऱ्या, पिवळसर वा तपकिरी भुकट्या थेट रबराच्या कारखान्यात जातात. मोटारीचा टायर, कुकरची रिंग, गॅसची नळी, चपलेचा तळ यांपैकी एकही वस्तू या रसायनांवाचून टिकत नाही. शंभर किलो रबरास साधारण तीन-चार किलो एवढेच त्यांचे प्रमाण; परंतु रबराचे सारे आयुष्य त्यावर अवलंबून असते.

शोधाचा प्रवास

झाडाच्या चिकापासून मिळणारे कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होते, थंडीत कडक होऊन तडकते. 1839 मध्ये अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर यांना गंधकासह तापविलेले रबर हा दोष टाकून देते, असे आढळले. गंधक रबराच्या लांब साखळ्यांना एकमेकींशी बांधून ठेवते. मात्र या क्रियेस तासन्‌तास लागत. 1906 मध्ये ओहायो राज्यातील ॲक्रन येथे जॉर्ज ओएनस्लेगर यांनी अॅनिलीन मिसळून हा वेळ पुष्कळच कमी केला. अॅनिलीनची वाफ कामगारांना अपायकारक ठरू लागली, तेव्हा त्यांनी त्याच्या जागी कमी घातक असे थायोकार्बानिलाइड आणले. रबरास वेग देणाऱ्या आधुनिक रसायनांची ही सुरुवात होय. उपयुक्त द्रव्य अपायकारक ठरले, तर दुसरे शोधावे, हा धडाही या उद्योगाने तेव्हाच घेतला.

बाजाराची नाडी

आज जगात नैसर्गिक व कृत्रिम मिळून वर्षाला सुमारे तीन कोटी टन रबर वापरले जाते आणि त्यातील मोठा वाटा टायरसाठी खर्च होतो. म्हणून वाहनांचा बाजार मंदावला की रबर-रसायनांची मागणीही मंदावते. या रसायनांचे दोन मुख्य वर्ग आहेत : गंधकाची क्रिया जलद करणारे ‘ॲक्सिलरेटर’ आणि ऊन, हवा व ओझोन यांपासून रबराचे रक्षण करणारे ‘ॲंटिऑक्सिडंट’ व ‘ॲंटिओझोनंट’. यांतील पुष्कळ रसायनांचे मूळ अॅनिलीनमध्ये, अॅनिलीनचे बेंझिनमध्ये आणि बेंझिनचे मुख्यतः खनिज तेलात असते. त्यामुळे तेलाचा भाव हलला की गोणीचा भावही हलतो.

जगाच्या उत्पादनाचा निम्म्याहून अधिक वाटा चीनकडे आहे. भारतात 1961 मध्ये स्थापन झालेली नोसिल ही कंपनी या क्षेत्रातील प्रमुख असून तिचे कारखाने नवी मुंबई व दहेज येथे आहेत. स्वस्त आयातीपासून देशी उत्पादकांना संरक्षण मिळावे, म्हणून भारत सरकारने काही रबर-रसायनांवर वेळोवेळी प्रतिपाटन शुल्कही लावले. 2017 च्या सुमारास चीनने प्रदूषण करणाऱ्या कारखान्यांवर कठोर कारवाई केली, तेव्हा पुरवठा आटला आणि जगभर भाव चढले. स्वस्त मालाच्या किमतीत नदीची आणि हवेची किंमत धरलेली नव्हती, हे त्या वेळी व्यापाऱ्यांना उमगले.

माशांनी विचारलेला प्रश्न

याहून गंभीर प्रश्न अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून आला. वॉशिंग्टन राज्यातील ओढ्यांत अंडी घालण्यासाठी परतणारे कोहो सामन मासे पाऊस पडताच मोठ्या संख्येने मरत. कित्येक वर्षे कारण सापडेना. डिसेंबर 2020 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याचा उलगडा झाला. टायरला भेगा पडू नयेत म्हणून ‘सिक्स-पीपीडी’ हे रसायन जगभर वापरले जाते. ओझोनशी त्याचा संयोग झाला की ‘सिक्स-पीपीडी क्विनोन’ तयार होते. टायर झिजून रस्त्यावर पडलेल्या कणांतून ते पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यात उतरते. पुढील अभ्यासात आढळले, की लिटरभर पाण्यात मायक्रोग्रॅमचा सुमारे दहावा अंशही कोहोला घातक ठरतो. त्याच पाण्यात चम जातीचा सामन मात्र तग धरतो.

ऑक्टोबर 2023 पासून कॅलिफोर्नियाने हे रसायन असलेल्या टायरच्या उत्पादकांना पर्याय तपासण्याचे बंधन घातले. काम सोपे नाही. हे द्रव्य नुसते काढून टाकले, तर टायर तडकून माणसांचे प्राण धोक्यात येतील. मासा व प्रवासी, दोघांचाही जीव राखणारे द्रव्य शोधणे हे आज या उद्योगापुढील सर्वांत मोठे आव्हान आहे.

पेढीवरची जयणा

टायरचा घटक बदलणे लहान व्यापाऱ्याच्या हाती नसते; परंतु काही गोष्टी निश्चितच असतात. रबरात झिंक ऑक्साइडसोबत स्टिअरिक ॲसिड घालतात. ते पाम तेलापासून तयार होते, तसेच प्राण्यांच्या चरबीपासूनही. दोन्हींचे रूप सारखेच. म्हणून मूळ वनस्पतिजन्य असल्याचे प्रमाणपत्र मागितल्याशिवाय भेद कळत नाही. उडणाऱ्या भुकटीऐवजी दाणेदार वा तेल लावलेला माल घेतला, तर हमालाच्या व कामगाराच्या श्वासात धूळ कमी जाते. प्रत्येक मालाचे सुरक्षा पत्रक ग्राहकापर्यंत पोहोचविणे, फाटक्या गोणीतील सांडलेला माल गटारात न ढकलणे, रिकाम्या गोण्या धान्यासाठी विकल्या जाऊ न देणे, यांस फारसे भांडवल लागत नाही.

बाजार कितीही दूरवर पसरलेला असला, तरी त्याचा एक व्यवहार प्रत्येक पेढीच्या वहीत उतरतो. त्या नोंदीत दर आणि वजन असतेच. माल कोठून आला व शेवटी कोणाच्या पाण्यात जाणार, ही चौकशीही तिच्यासोबत झाली, तर अहिंसेचा आचार देरासरापुरता न राहता दुकानाच्या गादीपर्यंत पोहोचेल.