मेंदूस हिसका बसल्यानंतरची डोकेदुखी आणि पूरक पोषणद्रव्ये

देवनहळ्ळीवरून जाणाऱ्या बंगळूर-हैदराबाद महामार्गावर कोणी दुचाकीवरून पडले, तर कवटी अभंग राहूनही आतील मेंदूस हिसका बसू शकतो. त्यानंतरची डोकेदुखी बहुधा काही आठवड्यांत शमते. ती लवकर जावी म्हणून मॅग्नेशियम किंवा रिबोफ्लेविन, म्हणजेच ब-२ जीवनसत्त्व, यांच्या गोळ्या घेतल्या जातात. रोज ४०० मिलिग्रॅम रिबोफ्लेविन तीन महिने दिल्याने अर्धशिशीचे झटके कमी झाल्याचे १९९८ साली बेल्जियममधील संशोधकांनी दाखविले. परंतु हा पुरावा अर्धशिशीपुरता होय. आघातजन्य डोकेदुखीस तो तसाच लागू करता येत नाही. शिवाय अधिक मॅग्नेशियमने जुलाब होतात. मूत्रपिंडे दुर्बल असल्यास ते रक्तात साचते. म्हणून गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी. वारंवार ओकारी, वाढती गुंगी अथवा हातापायांत दुर्बलता आढळल्यास मात्र रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे.