धंद्यातील अडचण आणि नेमका प्रश्न

बँकेच्या काउंटरमागे बसून आमची वीस वर्षे झाली. या काळात सर्वांत जास्त वेळा कानी आलेला प्रश्न एकच : "साहेब, कर्ज किती मिळेल?" याचे उत्तर सोपे आहे. ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजार, किशोर गटात ५ लाख आणि तरुण गटात १० लाख रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळते. तरुण गटातील कर्ज नीट फेडणाऱ्यास पुढे २० लाखांपर्यंतची सोय २०२४ साली झाली. भिंतीवरचा फलक वाचूनही हे कोणी सांगेल. पण धंद्याची अडचण या प्रश्नाने सुटत नाही, हे आम्हांला फार उशिरा कळले, आणि तेही घरच्याच नुकसानीतून.

आमच्या भाच्याने समुद्रकिनाऱ्याजवळ अल्पोपहाराची गाडी टाकायचे ठरविले. त्याने विचारले, "मामा, किती मिळतील?" आम्ही आकडा सांगितला, फॉर्म भरून दिला आणि घरातला पहिला धंदेवाईक म्हणून चार ठिकाणी कौतुकही केले. शनिवार-रविवार सोडून गिऱ्हाईक किती, हे आम्ही विचारले नाही. पावसाळ्यात गेटवे-मांडवा प्रवासी लाँच बंद असतात, तेव्हा किनाऱ्यावर फिरकणार कोण, हेही विचारले नाही. हप्ता मात्र बाराही महिने सारखाच होता. दुसऱ्या पावसाळ्यात हप्ते थकले, आणि ताईने हातातल्या पाटल्या मोडून खाते बंद केले. ती आम्हांला कधी एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

त्यानंतर एक सुकी मासळी विकणाऱ्या मावशी आमच्याकडे आल्या. त्यांचे म्हणणे, "भाऊ, भांडवल कमी पडते. ५० हजार मिळवून द्या, म्हणजे आगोटीला जास्त माल भरते." आपल्याकडे पावसाआधी घरोघर सुक्या मासळीची बेगमी होते. १ जूनपासून यांत्रिक नौकांची मासेमारी बंद होते आणि ताजी मासळी दुर्मिळ होते. तेव्हा मे महिन्यात माल हवा, हे मावशींचे म्हणणे वरवर पाहता बरोबरच होते.

या वेळी आम्ही फॉर्म पुढे केला नाही. विचारले, "मावशी, गेल्या वर्षी नेमका कोणता माल कमी पडला?" त्या म्हणाल्या, "बोंबील." "आणि उरला काही?" जरा थांबून म्हणाल्या, "जवळा उरला. पाऊस लागला, ओल धरली, शेवटी मिळेल त्या भावाने घालवला." का उरला? मुंबईची गिऱ्हाईके हातात घेऊन परत ठेवीत. का? जवळ्यात वाळू लागते म्हणून. वाळू का येते? आता मावशी हसल्या. बोंबील वलांडीवर टांगून वाळतो, त्याला वाळू कुठून लागणार? जवळा मात्र जमिनीवर पसरतात.

म्हणजे भांडवल कमी नव्हते. ते वाळूत अडकून पडले होते. ५० हजारांचा आणखी माल भरला असता, तर ओल धरणारा जवळाच तेवढा वाढला असता. मावशींनी घरातली जुनी जाळी जमिनीपासून हातभर उंच बांबूच्या मांडवावर ताणली आणि जवळा तिच्यावर वाळविला. कर्ज घेतले, पण थोडे, आणि फक्त बोंबलासाठी. दुसऱ्या वर्षीही थोडा जवळा उरलाच, कारण मे महिन्यातच दोन सरी पडून गेल्या. पण टाकून देण्याची पाळी आली नाही.

असे एकामागून एक "का?" विचारीत जाणे ही आमची हुशारी नव्हे. जपानच्या टोयोटा कारखान्यात ताइइची ओनो नावाच्या अभियंत्याने हीच सवय कामगारांना लावली होती. यंत्र बंद पडले की पाच वेळा "का?" विचारायचे. फ्यूज उडाला म्हणून नुसता बदलला, तर तो पुन्हा उडतो. आपल्या घरातही लहान मूल असेच विचारते. आपणच त्याला गप्प करतो.

प्रश्न बदलला की हिशेब कसा बदलतो, याचा याहून मोठा दाखला आपल्या घरचा आहे. १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या रुपयावरील ग्रंथात डॉ. बाबासाहेबांनी हेच केले. त्या वेळच्या चलनपद्धतीचे समर्थक रुपयाचा परदेशी विनिमय दर स्थिर राहतो ना, एवढेच पाहत होते. रुपयात देशातल्या माणसाला किती वस्तू मिळतात आणि ते प्रमाण स्थिर का राहत नाही, हा प्रश्न बाबासाहेबांनी पुढे आणला.

अलिबागच्या पांढऱ्या कांद्याचेही पाहा. "भाव कसा वाढेल?" असे नुसते विचारून काही हाती लागत नव्हते. बाहेरचा पांढरा कांदा अलिबागचा म्हणून विकला जाई. तेव्हा खरा प्रश्न होता, "हा कांदा आमचाच, हे गिऱ्हाइकाला कसे कळावे?" २०२२ साली या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ते या प्रश्नाचे एक उत्तर. अर्थात रस्त्याकडेला माळ विकत घेणारा मानांकन विचारतो थोडेच! तो विकणाऱ्या बाईच्या तोंडाकडे पाहतो. ते काम अजून बाकी आहे.

आमच्या वाचकांपैकी कोणी धंदा करीत असेल वा करू पाहत असेल, तर कर्जाचा फॉर्म आणण्याआधी एक वही करावी. बारा महिन्यांची बारा पाने. प्रत्येक पानावर त्या महिन्यात काय घेतले, काय विकले, काय उरले, आणि परत गेलेले गिऱ्हाईक काय बोलून गेले, एवढेच लिहावे. अक्षर कसेही चालेल. रविवारी संध्याकाळी आम्ही विहारात असतो. येताना ती वही बरोबर आणावी.