पदवी हातात आली, पुढे काय?

वसतिगृहातील मुलांसाठी वर्षानुवर्षे दान पाठवणारे आपले वाचक भेटले की एक प्रश्न हमखास विचारतात: मुले पदवीधर झाली, आता कुठे आहेत? प्रश्न रास्त आहे. कोणी शिक्षक झाले, काही मुली परिचारिका झाल्या, काही पोलीस भरतीत लागले, आणि बरेच जण सुरत, नाशिककडे कारखान्यांत गेले. अलीकडे मात्र निराळे बोलणारी मुले येऊ लागली आहेत. "ताई, नोकरीपेक्षा गावातच काहीतरी उभे करायचे आहे," असे ती म्हणतात. आईवडील घाबरतात, कारण कर्ज म्हटले की त्यांना सावकारच आठवतो. अशा मुलांना विद्यापीठांतून आता कोणती मदत मिळू शकते, ती कुठे अपुरी पडते आणि तिथे आपल्या मंडळ्यांनी काय करावे असे मला वाटते, ते या लेखात मांडते.

आधी 'सामाजिक उद्योजक' म्हणजे कोण, ते पाहू. धडगाव भागातले आमचूर घ्या. सातपुड्यात उन्हाळ्यात घरोघर कैऱ्या सोलून, कापून वाळत घालतात. लहानथोर सारे त्यात असतात. वाळलेल्या फोडी पांढऱ्या राहिल्या तर भाव बरा मिळतो. मध्येच अवकाळी पाऊस आला की त्या काळ्या पडतात आणि व्यापारी म्हणेल त्या भावाला द्याव्या लागतात. साठवायला जागा नाही, घरात रोकड नाही, म्हणून चांगला मालही घाईने विकला जातो. आता एखाद्या मुलीने पाऊस लागणार नाही असे सौर ड्रायर बसवले, बायकांचा माल एकत्र साठवला, वजन करून त्याच दिवशी पैसे दिले आणि दोन-तीन महिन्यांनी तो शहरातल्या मसालेवाल्याला विकला, तर तो धंदाच झाला. पण नफ्याचा मोठा वाटा कैरी सोलणाऱ्या बाईकडे जावा म्हणूनच तो मांडला असेल, तर ती मुलगी सामाजिक उद्योजक. आपल्यासारखी दानावर चालणारी संस्था दान थांबले की अडते. हा उद्योग विक्रीवर चालतो. त्यात तोटाही होऊ शकतो, हे मात्र आधीच धरून चालावे.

आपल्या मंडळ्यांत 'धंदा' हा शब्द जरा खालच्या आवाजात उच्चारतात. सेवा आणि धंदा एकत्र कसे, असे काही वडीलधाऱ्यांनी मला विचारलेही आहे. मला यात अडचण वाटत नाही. पौल करिंथात अक्विला व प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू करीत होता आणि मंडळीची सेवाही करीत होता. असो.

इन्क्युबेटर म्हटले की आपल्याला दवाखान्यातली काचेची पेटी आठवते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला स्वतःची ऊब राखता येत नाही, म्हणून त्याला काही दिवस पेटीत ठेवतात. विद्यापीठांनी हाच शब्द उचलला आहे. नवा उद्योग पहिली दोन-तीन वर्षे नाजूक असतो, त्याला सांभाळण्याची जागा म्हणजे इन्क्युबेशन केंद्र. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, 2016 मध्ये नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य या कामासाठी विद्यापीठात वेगळा संचालक नेमण्याची तरतूद आली, आणि एखाद्या उत्साही प्राध्यापकावर अवलंबून असलेल्या या कामाला कायद्याचा आधार मिळाला. नंदुरबार जिल्ह्यातली महाविद्यालये जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाकडे येतात, तर गडचिरोली-चंद्रपूरसाठी 2011 मध्ये गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. या दोन्ही ठिकाणी अशी केंद्रे आहेत. कंपनी कायदा, 2013 नुसार कंपन्यांनाही त्यांच्या सामाजिक दायित्वाच्या निधीतून मान्यताप्राप्त केंद्रांना पैसे देता येतात.

केंद्रात मिळते काय? बसायला जागा, इंटरनेट, वरचेवर होणारी शिबिरे, हे सगळीकडे सारखेच. आमच्या मुलांना त्यापेक्षा तीन गोष्टी उपयोगी पडतात असा माझा अनुभव आहे. पहिली प्रयोगशाळा. आमचुरात ओलावा किती आणि ते किती महिने टिकेल, हे तपासून कागदावर मिळाले तर मोठा ग्राहक निदान बोलायला तयार होतो. दुसरी म्हणजे कंपनीची नोंदणी, अन्न परवाना आणि कर समजावून सांगणारा माणूस. तिसरी गोष्ट विद्यापीठाचे नाव. पाड्यावरून आलेल्या मुलाला घाऊक व्यापाऱ्याच्या पेढीवर कोणी 'बसा' म्हणत नाही. विद्यापीठाचे पत्र असले तर खुर्ची मिळते. शिवाय बहुतेक केंद्रे पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांनाही घेतात, हे आमच्या जुन्या मुलांना ठाऊकच नसते. ते त्यांना कळवले पाहिजे.

विद्यापीठाची मदत कशी कामी येते याचे मला पटलेले उदाहरण योगायोगाने काचेच्या पेटीचेच आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात 2007 मध्ये जेन चेन, लायनस लियांग, नागानंद मूर्ती आणि राहुल पनिकर या विद्यार्थ्यांना एका अभ्यासक्रमात काम दिले गेले: अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी अगदी स्वस्त पेटी तयार करा. नेहमीच्या पेटीची किंमत तिकडे सुमारे 20 हजार डॉलर होती. त्यांच्यातला एक जण नेपाळला गेला. काठमांडूच्या रुग्णालयात पेट्या होत्या, पण त्यांतल्या कित्येक रिकाम्या. बाळे डोंगरातल्या खेड्यांत जन्मत होती आणि रुग्णालयापर्यंत पोहोचतच नव्हती. ते पाहून या चौघांनी प्रश्नच बदलला. वीज नसलेल्या घरात, आईजवळ वापरता येईल अशी छोटी पिशवी त्यांनी तयार केली. तिच्यात मेणासारख्या पदार्थाची थैली घालतात. ती एकदा गरम केली की काही तास 37 अंशांची ऊब टिकते. पुढे भारतात चाचणी घेताना एका आईशी बोलणे झाले. बाहेरचे औषध कडक असते म्हणून आपण ते सांगितल्यापेक्षा कमीच देतो, तशी ही थैलीही कमीच तापवू, असे तिचे म्हणणे पडले. तेव्हा त्यांनी थैलीवरचे आकडे काढून टाकले आणि 'ठीक' व 'ठीक नाही' एवढीच खूण ठेवली. आपल्याकडच्या आरोग्यसेविका हे वाचून नक्की हसतील. त्यांना हे कोणी शिकवावे लागत नाही.

यात विद्यापीठाचा वाटा किती, ते नीट पाहा. पिशवीची कल्पना वर्गात बसून सुचलेली नाही. विद्यापीठाने एक प्रश्न दिला, तो सोडवायला वेळ दिला आणि त्या प्रश्नामागे खेड्यापर्यंत जाण्याची मोकळीक दिली. अभ्यासक्रम काही महिन्यांत संपला. 'एम्ब्रेस' ही संस्था 2008 मध्ये उभी राहिली, तिची माणसे बंगळूरला येऊन राहिली, आणि पिशवी रुग्णालयांत वापरात यायला त्यानंतरही दोन-तीन वर्षे गेली. पदवी झालेली, माल विक्रीला आलेला नाही, अशी ती मधली वर्षे. ती देणग्या आणि फेलोशिपवर निघाली. माझ्या मते या साऱ्या विषयाची गाठ इथे आहे.

आपल्याकडे मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने 2007 मध्येच सामाजिक उद्योजकतेचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. शिकत असतानाच आपल्या उपक्रमाचा आराखडा करायचा आणि तो वस्तीत किंवा गावात चालवून पाहायचा, अशी त्याची रीत. या संस्थेशी आपले जुने नाते आहे, ते फार थोड्यांना माहीत असते. ती 1936 मध्ये नागपाड्यात सुरू झाली आणि तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी होते. गिरणी कामगारांच्या वस्तीत काम करताना शिकलेल्या समाजसेवकांची गरज त्यांना जाणवली होती. आपल्या वसतिगृहातून मुंबईच्या त्या वर्गापर्यंत पोहोचायला मात्र प्रवेश परीक्षा आहे, इंग्रजी आहे आणि मुंबईत राहण्याचा खर्च आहे.

आता अडचणींकडे येते. केंद्र शासनाने 2021 मध्ये 945 कोटी रुपयांची स्टार्टअप इंडिया सीड फंड योजना आणली. इन्क्युबेशन केंद्रांमार्फत नमुना बनवायला व चाचणीला 20 लाखांपर्यंत अनुदान आणि बाजारात उतरायला 50 लाखांपर्यंत कर्जाच्या स्वरूपात मदत, अशी तिची मांडणी. रक्कम पाहून आमच्या मुलांचे डोळे विस्फारतात. पण त्यासाठी आधी स्टार्टअप म्हणून मान्यता हवी, आणि 2019 च्या अधिसूचनेत ही मान्यता खासगी कंपनी, नोंदणीकृत भागीदारी किंवा मर्यादित दायित्व भागीदारी यांनाच ठेवली होती. पाड्यावर उद्योग उभा राहतो तो बहुतेक वेळा बचत गटाचा, ग्रामसभेचा किंवा सहकारी संस्थेचा. ती माणसे त्या चौकटीत बसली नाहीत. दुसरे म्हणजे, या अनुदानातून बांधकाम किंवा कायमची सोय उभी करता येत नाही. आमचूरवाल्या बायकांना तर सर्वांत आधी गोदामच हवे असते.

गटांसाठी दुसरे दार आहे. 2018 पासूनच्या वन धन योजनेत साधारण 300 सभासदांच्या एका केंद्राला 15 लाखांपर्यंत मदत धरलेली आहे, आणि नाशिकचे शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळ आदिवासी तरुणांना कर्ज देते. म्हणजे विद्यापीठाकडे शिकलेला एकटा मुलगा जातो आणि शासनाच्या आदिवासी योजनांकडे न शिकलेला गट जातो. त्या मुलाने गटाचे हिशेब ठेवावेत, माल तपासून घ्यावा, ग्राहक शोधावा, आणि गटाने त्याला मेहनताना द्यावा, अशी जोडी जमली तर दोन्हीकडची मदत एका गावात येते. ही जोडी जमवायला कोणत्याही कचेरीत माणूस नेमलेला नाही. ते आम्हा कार्यकर्त्यांचे काम आहे, असे मी समजते.

आमच्या वसतिगृहातून बी.एस्सी. झालेला एक मुलगा (नाव देत नाही) एका विद्यापीठाच्या केंद्रात निवडला गेला होता. त्याचा लहान ड्रायर तिथल्या प्राध्यापकांना आवडला, त्यांनी सुधारणाही सुचवल्या. केंद्राने जे कबूल केले होते ते सारे दिले. पण पगार हा त्यात नव्हताच. शहरात खोलीचे भाडे, खानावळ, गावी जाण्या-येण्याचा एसटीचा खर्च, आणि घरी वडील आजारी. पाच महिन्यांनी तो सुरतेच्या एका कारखान्यात लागला. महिन्याला घरी पैसे पाठवतो, आणि त्याला कोणी दोष देऊ नये. ड्रायर त्याच्या आत्याच्या छपरावर आहे. ती दरवर्षी त्यात कैऱ्या वाळवते आणि तिचा माल शेजारणींपेक्षा चढ्या भावाने जातो.

आपले दान मुलाच्या पदवीच्या दिवशी थांबते. वसतिगृहाचा नियमच तसा आहे, आणि मागे रांगेत लहान मुले उभी असल्याने तो चुकीचाही म्हणता येणार नाही. तरी मी कार्यकारिणीपुढे एक सूचना ठेवली आहे. ज्या पदवीधराला विद्यापीठाच्या केंद्राने निवडले आहे आणि ज्याच्यामागे गावातला एखादा गट उभा आहे, अशालाच आणखी एक वर्ष निर्वाहापुरती मदत द्यावी. वसतिगृहातल्या शेवटच्या वर्षाला त्याच्यावर जेवढा खर्च झाला, तेवढीच. धंद्याच्या भांडवलाला आपण हात लावू नये. ते विद्यापीठ, महामंडळ आणि बँक पाहतील, आणि त्यांना ते तपासताही येते. आपण त्याच्या जेवणाची आणि भाड्याची काळजी घ्यावी. वर्षअखेर उद्योग चालला नाही तर पैसे परत मागू नयेत, आणि चालला तर लगेच त्याचा फोटो छापून त्याला सभांमधून फिरवूही नये.

कार्यकारिणीतल्या काहींना ही सूचना पसंत नाही. एका पदवीधराच्या खर्चात पाचवीतल्या एका मुलीचे वर्ष निघते, असे ते म्हणतात, आणि तो हिशेब खरा आहे. म्हणून वसतिगृहाच्या निधीतून एक रुपयाही न काढता, ज्यांना या कामासाठी वेगळे द्यायचे आहे त्यांच्याच दानातून यंदा दोनच जणांपासून सुरुवात करावी, असे मी म्हटले आहे. निर्णय पुढच्या बैठकीत होईल. त्यासाठी प्रार्थना करावी, ही विनंती.

पैशाखेरीज आणखी एक गोष्ट मागते. आपल्या मंडळ्यांत निवृत्त बँक अधिकारी आहेत, हिशेब तपासनीस आहेत, मसाल्याच्या किंवा औषधाच्या कंपनीत उमेदवारी केलेली माणसे आहेत. महिन्यातून एकदा फोनवर अर्धा तास अशा मुलाशी मराठीत बोलायला, त्याची वही पाहायला जे तयार असतील त्यांनी आपले नाव, गाव आणि कोणत्या कामाचा अनुभव आहे ते कार्यालयाच्या पत्त्यावर लिहून पाठवावे. कैऱ्यांचा हंगाम एप्रिलमध्ये सुरू होतो, तेव्हा पत्रे फेब्रुवारीअखेर आली तर बरे.