खाल्लेले अंगी लागते म्हणजे काय?

आमच्या बेळगावकडील गवळी एखाद्या म्हशीविषयी सांगतात, ‘हिच्या अंगाला खाल्लेलं लागतं.’ आयुष्यभर मराठी शिकविलेल्या माझ्यासारख्याने आनुवंशिकीवर लिहावे हे धाडसच. परंतु ज्या विज्ञानशिक्षकांच्या स्मृत्यर्थ ही पुस्तिका निघते, ते शब्दाचा अर्थ विचारल्यावाचून पुढे जात नसत. तेव्हा हे ‘अंगी लागणे’ शास्त्रज्ञ कसे मोजतात, एवढेच सांगतो.

उदाहरण फिनलंडमधील निळ्या कोल्ह्याचे घेऊ. हा मूळचा ध्रुवीय कोल्हा. केसाळ कातड्यासाठी पिंजऱ्यात पाळलेला. मासळी आणि कत्तलखान्यातील उरलेसुरले अवयव यांचा लगदा हे त्याचे अन्न, आणि पालनाच्या खर्चात मोठा वाटा त्याचाच. साहजिकच, थोड्या अन्नावर वाढणारे नर-मादी पैदाशीसाठी निवडावेत, हा विचार पुढे आला.

वजनातील वाढीला खाद्याने भागणे ही सोपी रीत. दुसरी रीत 1963 मध्ये गोमांसाच्या गुरांसाठी मांडली गेली. प्राण्याचे वजन व वाढ पाहून त्याला किती खाद्य लागावे याचा अंदाज बांधायचा आणि प्रत्यक्ष खाल्लेल्यातून तो वजा करायचा. अंदाज 40 किलोचा आणि खाल्ले 37, तर शेष उणे 3, प्राणी काटकसरी. नात्यातील प्राण्यांचे आकडे ताडून हा गुण पिढीगत किती उतरतो तेही काढतात. कोल्ह्यात तो मध्यम प्रमाणात उतरतो, म्हणजे निवडीला फळ येते.

अडचण पुढेच आहे. हिवाळ्यापूर्वी चरबी साठविणे हा या कोल्ह्याचा निसर्गधर्म. कातडे जितके मोठे तितका भाव अधिक, म्हणून पैदासकारांनी आकारासाठी निवड केली. रानात तीन-चार किलो भरणारा कोल्हा पिंजऱ्यात कधी वीस किलोंच्या घरात गेला. आकाराबरोबर आनुवंशिक धाग्याने चरबी आली, आणि तो भार पेलताना पुढचे पाय मनगटाशी खचू लागले. (आमचा गवळी म्हैस घेताना तिला आधी चार पावले चालवून पाहतो.) शिवाय जो प्राणी हालचालच करीत नाही, त्याचाही शेष उणा येऊ शकतो, तो काटकसरी की पंगू, हे आकडा सांगत नाही.

म्हणून निवडीच्या गणितात पायांची स्थिती आणि अंगावरील चरबी यांनाही गुण द्यावे लागतात. तसे केले की कातड्याचा आकार पूर्वीच्या वेगाने वाढत नाही. तेवढा तोटा पैदासकाराने सोसायचा असतो.