घरधनिणीचा एक एकर

बालाघाटाच्या पठारावर वसलेल्या धाराशिव जिल्ह्यास अवर्षण अपरिचित नाही. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी खडी फोडून पोट भरले, अशी माणसे तेथे आजही हयात आहेत. नवे आहे ते पावसाचे विपरीत वर्तन. ज्या जिल्ह्याने २०१२-१३ आणि २०१५-१६ साली पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहिली, त्याच जिल्ह्यात २०२५ च्या सप्टेंबरात पुराने परंडा-भूम भागातील उभ्या पिकांबरोबर शेतांतील मातीही खरवडून नेली. अशा काळात सारा संसार एकट्या सोयाबीनच्या भरवशावर टाकणे धोक्याचेच. कारण फुलोऱ्यात पावसाने ताण दिला तर शेंग भरत नाही, आणि काढणीत झड लागली तर भरल्या शेंगांनाही शेतातच कोंब फुटतात.

या संकटावर मला सर्वांत आश्वासक वाटणारा उपाय याच जिल्ह्यातील स्त्रियांनी सिद्ध केला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर पुनर्वसनाच्या कामात ग्रामीण स्त्रियांना संघटित करणाऱ्या, प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेने पुढे एक एकर शेतीची पद्धत येथे रुजवली. घरच्या जमिनीपैकी अर्धा-एक एकर स्त्रीने मागून घ्यावा, त्यात काय पेरायचे ते तिनेच ठरवावे, आणि आधी चुलीचा व मग बाजाराचा विचार करावा, असे या पद्धतीचे सूत्र. त्या तुकड्यात बाजरीशेजारी तूर, मूग, उडीद, गवार, वांगी, मेथी अशी दाटी असते. मूग दोन-अडीच महिन्यांत घरात येतो, तर खोल मुळांची तूर पाऊस सरल्यावरही ओलीवर तग धरते. त्यामुळे एका पिकाचा घात झाला तरी दुसरे हाती लागते. शेणखत आणि गांडूळखत यांनी जमिनीची ओल धरून ठेवण्याची शक्ती वाढते, आणि दावणीची काटक उस्मानाबादी शेळी अडीनडीला नगद पैसा देते. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने २०१७ साली या संस्थेस इक्वेटर पारितोषिक दिले.

शेततळी, बांधबंदिस्ती, जादा पाणी वाहून नेणारी व ओल राखणारी रुंद सरी-वरंब्याची पेरणी हीही हवीतच. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातून ती कामे होत आहेत.

परंतु जी स्त्री त्या एकरात राबते, तिचे नाव बहुधा सातबाऱ्यावर नसते. अतिवृष्टीचा पंचनामा झाला की अनुदान खातेदाराच्या नावे जमा होते, आणि पीककर्जासाठीही बँक उताराच मागते. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक देऊन पत्नीच्या नावे जमीन करण्याचा प्रघात पाडला होता. महसूल खात्याने गावोगाव शिबिरे भरवून, मंडळ अधिकाऱ्यांकरवी पत्नीच्या नावाचे फेरफार पुढच्या मृगाच्या पेरणीपूर्वी मंजूर करावेत.